गौरीचे फूल, कळलावीचा कंद

दिवाळीच्या सुमारास आमच्या परसातली एक वेल पिवळी पडू लागते. श्रावण-भाद्रपदात जिने सारे कुंपण लाल-पिवळ्या ज्वाळांनी पेटवून दिलेले असते, तिचीच पाने आता टोकाकडून वाळत येतात, शेंगा कागदासारख्या होतात आणि एखादी तडकली की आत शेंदरी बिया दिसतात. नवख्या माणसाला वाटते, वेल मेली, उपटून टाकावी. पण ती मेलेली नसते. वीतभर मातीखाली तिने पुढच्या वर्षाची तजवीज करून ठेवलेली असते. वर ती सुकत जाते आणि खाली तिचा कंद भरत जातो. या कंदाशी आमच्या घराचे नाते साठ वर्षांचे आहे, आणि ते फार सुखाचे आहे असे मला म्हणता येणार नाही.

वेलीचे मराठी नाव कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. सह्याद्रीच्या उतारावर, कोकणात, गोव्यात आणि आमच्या खानापूर तालुक्यातल्या रानात ती पावसाबरोबर आपोआप उगवते. तिच्या पानाचे टोक दोऱ्यासारखे लांबून गुंडाळते आणि मिळेल त्या काटकीला धरून वेल वर चढते. फूल उमलताना हिरवट-पिवळे असते, मग नारिंगी होते आणि शेवटी लालभडक. सहाही पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या राहतात, म्हणून लांबून ती चूल पेटल्यासारखी दिसते.

माझे बालपण खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात गेले. आमचे घर मराठी, शेजारचे कानडी. दोन्ही परसांच्या मधे निवडुंग आणि निरगुडीचे कुंपण होते. ते कोणी लावले आणि कोणाच्या मालकीचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या कुंपणावर दरवर्षी ही वेल चढे. आमच्याकडे तिचे नाव घ्यायची सोय नव्हती. कळ म्हणजे दुखणे, तशीच कळ म्हणजे भांडण. कळ लावणाऱ्या माणसाला आपण कळलाव्या नारद म्हणतोच. हे फूल उंबऱ्याच्या आत आणले तर घरात भांडण लागते, अशी आमच्या घरातली ठाम समजूत. आजी तिला नुसते ‘ती कुंपणावरची’ म्हणे.

आणि भाद्रपदात गौरी आल्या की शेजारच्या अव्वा पितळी तबक घेऊन कुंपणाशी उभ्या राहत. “अज्जी, गौरी हूव कोड्री,” म्हणजे गौरीची फुले द्या. त्यांच्याकडे या फुलाचे नावच गौरीचे फूल. आमच्या बाजूने जे फूल उंबरा ओलांडू शकत नव्हते, तेच चार पावलांवर देवीच्या मस्तकी चढत होते. आजी आमच्या बाजूची फुले काळजीपूर्वक तोडून तबकात ठेवी, मग हात राखेने घासून धुई. एकीच्या मनात भीती, दुसरीच्या मनात भक्ती. पण या देवघेवीत दोघींनाही कधी काही वावगे वाटले नाही. आमच्या मुलुखात अशी पुष्कळ कुंपणे होती.

१९६३ च्या हिवाळ्यात वडिलांनी ते कुंपण काढून तेथे जांभ्या दगडाचा गडगा घालायचे ठरवले. कुंपण जाणार म्हणजे वेल जाणार. आजीच्या मनात आले ते एवढेच, की अव्वांच्या गौरीला पुढच्या वर्षी फुले कुठून येणार? म्हणून तिने गडी लावण्याआधी स्वतः खुरप्याने माती उकरून कंद काढले. मी जवळ बसून पाहत होतो. एकेक कंद दोन फाट्यांचा, करंगळीपेक्षा थोडा जाड, तपकिरी सालीचा. ठिसूळ इतका, की जरा वाकडा हात लागला तर मधल्या सांध्यात मोडे. मोडलेलाही आजी टाकत नसे. “दोन्ही टोकं शाबूत आहेत ना, मग दोन वेली होतील,” ती म्हणाली. तिने ते सारे कोरड्या वाळूत घालून एका मडक्यात भरले आणि मडक्याच्या गळ्याला काळा दोरा बांधून माळ्यावर ठेवले. घरातल्या जुन्या बायकांना काळ्या दोऱ्याची खूण पुरेशी होती.

त्याच हिवाळ्यात धाकट्या काकांचे लग्न झाले. काकू अथणीकडची, कोरड्या मुलुखातली. तिने आमच्याकडचे अर्धे कंदही पाहिलेले नव्हते. रताळी तिला ठाऊक होती. पण आम्ही उपासाला कणगरे उकडून खातो, ती लहान लांबट कणगरे तिला नवीन होती. १९६४ च्या महाशिवरात्रीला सकाळी तिला कोणीतरी सांगितले, माळ्यावरच्या मडक्यातली कणगरे काढून उकडायला ठेव. माळ्यावर मडकी दोन होती. दोन्हींत वाळू आणि दोन्हींत कंद. एकाच्या गळ्याला काळा दोरा होता, पण त्या दोऱ्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नव्हता. सांगायचे म्हणजे नाव घ्यावे लागले असते. सणासुदीच्या घरात, नव्या नवरीजवळ, ते नाव कोण घेणार?

कंद शिजले की नाही हे पाहायला तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. कडू लागला. नवी सून, शिजवलेले थुंकायचे कसे, म्हणून तिने तो गिळला आणि सासूला जाऊन म्हणाली, “कणगरं कडवट लागतात हो.” आजी देवघरातून उठून चुलीपाशी आली, पातेल्यात पाहिले आणि मटकन खाली बसली. ते पातेले तसेच परसात नेऊन खड्ड्यात पुरले गेले. आम्ही अकरा माणसे त्या दिवशी उपासाला बसणार होतो.

दोन-तीन तासांनी काकूला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत ती पटकीच्या रोग्यासारखी झाली. बैलगाडीतून तिला तालुक्याला नेले. डॉक्टरांनी सलाइन लावले आणि ‘वाट पाहा’ म्हणाले. आठ दिवसांनी ती घरी आली तेव्हा सर्वांना वाटले, संपले. पण दुसऱ्या आठवड्यात सकाळी वेणी घालताना तिच्या फणीत केसांचा पुंजका आला. दुसऱ्या दिवशी आणखी. पंधरवड्यात तिच्या डोक्यावर एक केस उरला नाही. नवरा जिवंत, गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू आणि डोके मात्र सोवळ्या बाईसारखे! त्या काळी याचा अर्थ काय होता, हे वाचकांना सांगायला नको. ती पदर कपाळापर्यंत ओढून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी बसून राही. पाण्याला आलेल्या बायका काहीतरी निमित्त काढून डोकावून जात.

घरात जे व्हायचे ते झाले. ‘कळलावी माळ्यावर ठेवली, कळ लागणारच’ हे वाक्य प्रथम कोण बोलले ते आठवत नाही, पण पुढे सगळेच बोलू लागले. काकांनी आजीशी बोलणे टाकले. पाडव्याला दोन चुली झाल्या. आजीने स्वतःची बाजू एकदाही मांडली नाही. वडिलांनी मडके उचलून ओढ्यात रिते केले.

त्या वेलीने असे का केले, आणि तिचे नाव आम्ही का घेत नव्हतो, हे शोधायला मला शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. शोधत गेलो तसे लक्षात आले, की या वेलीचा इतिहास हा मुख्यतः तिच्या नावांचा इतिहास आहे. पूर्वीच्या माणसांनी तिच्याविषयी जे जे जाणले, ते नावातच बांधून ठेवले.

संस्कृतात तिला लांगली म्हणतात, हलिनी म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. आपला ‘नांगर’ हा शब्द त्यातूनच आला. दोन फाट्यांचा तो कंद हातात धरला की जुन्या लाकडी नांगराचा आकार लगेच ओळखू येतो. तमिळमध्येही तिच्या कंदाला कलप्पै किळंगू, म्हणजे नांगर-कंद म्हणतात. अग्निशिखा हे नाव फुलावरून. कलिकारी म्हणजे कलह करणारी. आमच्या घरातली समजूत म्हणजे नुसते आजीचे खूळ नव्हते, ती शेकडो वर्षांची होती. आणि गर्भपातिनी, गर्भनुत् ही नावे तर उघड इशारा देणारी. अडलेल्या बाळंतिणीला कळा आणण्यासाठी या कंदाचा उपयोग होत असे, त्यावरूनच ‘कळलावी’ असेही सांगतात. भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात यांतली बरीच नावे एकत्र आढळतात. आयुर्वेदाने रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा यांच्या पंक्तीत तिला बसवून उपविष ठरवले, आणि गोमूत्रात शुद्ध केल्याखेरीज वापरू नये असा दंडक घातला. म्हणजे नाव ज्याला ठाऊक, त्याला धोका ठाऊक.

सतराव्या शतकात ही नावे प्रथमच छापील पुस्तकात गेली, आणि त्या कामात आपली माणसे होती. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड निघाले. त्यासाठी इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्याने माहिती सांगितली, तशीच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनीही. पोर्तुगीजांच्या अमलात गोवा सोडून कोचीनला गेलेल्या सारस्वतांच्या समाजातले हे तिघे. २० एप्रिल १६७५ या तारखेचे त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. ग्रंथातल्या अनेक चित्रांवर झाडाचे नाव लॅटिन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत कोरले आहे. घर सुटले तरी झाडांची नावे या माणसांनी बरोबर नेली होती, आणि ती शेजाऱ्याच्या भाषेतल्या नावाशेजारी नेऊन ठेवली. हे वाचताना मला आमचे कुंपण आठवले.

त्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आमची वेल ‘मेंदोनी’ या मल्याळी नावाने येते. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यावरून ‘मेथोनिका’ असे नाव केले आणि काही काळ ते चालले. पुढे लिनीअसने १७५३ मध्ये ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव दिले. वैभवशाली आणि दिमाखदार! परक्या भाषांतली नावे वनस्पतिशास्त्रात ठेवणे लिनीअसला मान्य नव्हते. नाव सुंदर झाले खरे. पण त्यात नांगर राहिला नाही, कळ राहिली नाही आणि इशाराही राहिला नाही. कौतुक तेवढे उरले.

इशाऱ्याचा उलगडा रसायनशास्त्राने केला. पेल्तिए आणि काव्हान्तू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये कोल्चिकम नावाच्या युरोपीय फुलझाडाच्या कंदातून एक द्रव्य वेगळे काढले. त्यालाच पुढे कोल्चिसीन म्हणू लागले. संधिवाताचा एक प्रकार जो गाउट, त्यावर ते आजही देतात. १९१५ मध्ये तेच द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदात असल्याचे लंडनच्या एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध झाले. हे द्रव्य पेशींचे विभाजन अडवते. शरीरात जिथे पेशी सर्वांत वेगाने वाढतात तिथे त्याचा घाव आधी बसतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि केसांच्या मुळांवर. काकूच्या ओकाऱ्या आणि काकूचे केस, दोहोंचे कारण एकच होते. १९६६ मध्ये सिलोनमधल्या एका डॉक्टरांनी कळलावीच्या विषबाधेनंतर सगळे केस गेल्याची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. तिच्या दोनच वर्षे आधी हे आमच्या स्वयंपाकघरात घडले होते. ते कळ लागल्याने झाले नव्हते, सासूच्या पापाने नव्हते आणि सुनेच्या पायगुणानेही नव्हते. पण तेव्हा हे सांगणारे कोणी नव्हते.

याच द्रव्याची दुसरी बाजूही आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवले, की कोल्चिसीनने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. त्या युक्तीवरच जपानच्या किहारांनी बिनबियांचे कलिंगड तयार केले. आज तामिळनाडूत धारापुरम, मुलनूर या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात आणि औषधासाठी तिचे बी परदेशी जाते. तमिळ लोकांनी प्राचीन काळापासून या फुलाला मुरुगन देवाचे फूल मानले. आज ते त्या राज्याचे फूल आहे. आफ्रिकेत झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूलही हेच. जगात इतका मान मिळवलेल्या फुलाला आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवले होते, आणि विष मात्र माळ्यावर!

पुन्हा घराकडे येतो. वडिलांनी मडके ओढ्यात रिते केले, पण मातीत राहिलेल्या मोडक्या तुकड्यांची कोणाला आठवण नव्हती. १९६४ च्या आषाढात नव्या गडग्याच्या दोन दगडांमधून हिरवा कोंब वर आला. तो उपटून टाकायला काका कुदळ घेऊन गेले तेव्हा काकू मागच्या दारातून म्हणाली, “राहू दे. तिची काय चूक?” तिच्या डोक्यावर तोवर बोटभर केस आले होते. त्या भाद्रपदात अव्वा तबक घेऊन गडग्यापाशी आल्या, तेव्हा फुले तोडून दिली ती काकूने. डोक्यावरचा पदर घसरला तो तिने सावरला नाही. अव्वांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि हळदकुंकू पुढे केले. चुली मात्र दोनच राहिल्या. सगळेच जुळून येते असे नाही.

शेवटच्या आजारात आजी मला एकदाच त्याविषयी बोलली. म्हणाली, “दोरा बांधला, पण तोंड उघडलं नाही. तिथं चुकलं.”

१९८१ मध्ये मी बेळगावला घर बांधले तेव्हा काकूने मला एक कंद दिला. सांध्यात मोडून एक फाटा तिने स्वतःला ठेवला, एक माझ्या हातावर ठेवला आणि ठेवण्याआधी म्हणाली, “हिचं नाव कळलावी. खायची नाही. पोरांच्या हाती लागू द्यायची नाही. गौरीला चालते. आता तू म्हण.” मी म्हटले. पन्नाशीकडे झुकलेली बाई आणि तिशीकडे झुकलेला शिक्षक, दोघे परसात उभे राहून पाढ्यासारखे ते म्हणत होतो. काकू २००९ मध्ये गेली. त्या अर्ध्या कंदाची वेल अजून आहे.

म्हणजे वेल आहे, कंद तो नाही. हे मला फार उशिरा समजले. पावसाबरोबर कोंब फुटला की जुना कंद आपले सारे त्याला देऊन सुरकुतत जातो, आणि त्याच कोंबाच्या बुडाशी नवा दोन फाट्यांचा कंद तयार होतो. दरवर्षी नवा. माझ्या परसात आज जो आहे, तो काकूने दिलेल्या फाट्याचा चाळीस-बेचाळिसावा वारस.

लावायची इच्छा असणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. वेल पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. दिवाळीत ती पिवळी दिसली तरी घाई करू नये, कंद तेव्हाच भरत असतो. मार्गशीर्षात बाजूने माती सैल करून हलक्या हाताने काढावा, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. बटाट्यासारखे दहा डोळे नसतात. ते टोक दुखावले तर तो फाटा जमिनीत गप्प बसतो. सांध्यात मोडल्यास दोन रोपे होतात. कोरड्या वाळूत ठेवावा आणि पाऊस लागेपर्यंत पाण्याचा थेंब देऊ नये. मृगाच्या सुमारास पाणी न साचणाऱ्या मातीत दोन-तीन इंच खोल आडवा पुरावा आणि जवळ काटकी रोवावी. चांगला भरलेला कंद त्याच वर्षी फुलतो. बियांपासून केल्यास तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. रानातून मात्र कोणी खणून आणू नये. औषधासाठी इतके कंद उपसले गेले आहेत, की कितीतरी ठिकाणी ती आता दिसत नाही. आणि ठेवायचे मडके स्वयंपाकघरात, माळ्यावर, कुठल्याही खाण्याच्या वस्तूजवळ ठेवू नये.

मी मडक्याला काळा दोरा बांधत नाही. त्यावर मराठीत ‘कळलावी’ आणि कानडीत ‘गौरी हूव’ अशी दोन्ही नावे लिहितो आणि खाली ‘विष’ हा शब्द दोन्ही लिप्यांत लिहितो. आमच्या सूनबाई धारवाडच्या, कानडी अक्षर त्यांचे. गेल्या जूनमध्ये त्यांच्या मैत्रिणीने कंद मागितला. मी तो वाळूतून काढला, पण लगेच दिला नाही. म्हटले, आधी नाव म्हणा. ती हसली. मग सूनबाईंनी तिला कानडीत सारे समजावले, तेव्हा ती गंभीर झाली आणि तिने दोन्ही नावे म्हटली. नंतर मी कंद सांध्यात मोडला, एक फाटा तिला दिला आणि दुसरा परत मडक्यात ठेवला.